व्हय म्हणायचं राहिलं

तोंडवलीहून निघालो त्या सकाळी गाडीवाला हॉर्नवर हॉर्न देत होता आणि बाबा तुळशीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालत होते. "बा देवा म्हाराजा, ह्यो माझो झील बोटींची इंजिनां दुरुस्त करूक परदेशाक चल्लो हा. तेच्या वाटेत काय आडवा-तिडवा येयत तां दूर कर, आणि वर्साच्या आत तेका हसत-खेळत घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाऱ्हाण्याच्या रीतीप्रमाणे सगळं अंगण ओरडलं. मी सोडून. मी बॅगेची चेन ओढत होतो. चेन केव्हाच लागली होती. पण वर्षात परतायचा माझा विचार नव्हता, आणि देवासमोर खोटं बोलायची छाती नव्हती.

मागे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या सटकलेल्यांनो, ही माझी कबुली.

स्कॉटलंडमधल्या या बंदरात नोकरी पक्की व्हायला इंग्रजी बोलायची परीक्षा द्यावी लागते. नापास झालो की बॅग उचलायची. शिकवणीतल्या बाईंनी इच्छा आणि पश्चात्ताप यांचा धडा काढला आणि फळ्यावर तयार वाक्य लिहिलं, 'आय विश आय हॅड नेव्हर लेफ्ट होम.' घर सोडलंच नसतं तर बरं झालं असतं. वर्गाने मुकाट उतरवून घेतलं. मी पेन खाली ठेवलं.

"परीक्षकांना आवडतं हे," बाई म्हणाल्या.

"आवडू दे. मला नाही पश्चात्ताप."

कसा असेल? तारकर्लीत मी दुरुस्त केलेलं इंजिन पर्यटकांना नेमकं खाडीच्या मध्यावर नेऊन सोडायचं. इथे चुकलो तर निदान शिकवतात.

परीक्षेत मला माझी एखादी इच्छा विचारली. घाबरलो की माझ्यातला बापूस जागा होतो. उठलो, हात जोडले आणि 'ओ ग्रेट किंग' म्हणत इंग्रजीत गाऱ्हाणं सुरू केलं. बाबांचा गुडघा, मी काम करतो त्या बोटींच्या यार्डातला गळका पंप, सगळं घातलं आणि उत्तरासाठी थांबलो. परीक्षक बाई इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "येस?" मग त्यांनी पश्चात्तापाचं विचारलं.

"एकच आहे. घर सोडल्याचा नाही," मी म्हणालो. "बाबा माझ्यासाठी मागत होते आणि मी गप्प बसलो. आय विश आय हॅड आन्सर्ड हिम."

काठावर पास झालो. धक्क्यावरूनच बाबांना फोन लावला.

"म्हंजे आता येणा नाय?"

"येतलंय. पण माका वाटात तेव्हा."

"मोठो इलो शहाणो!" मग त्यांनी घसा खाकरला. "बा देवा म्हाराजा, ह्यो जंय ऱ्हवात थंय तेका सुखात ठेव..." या वेळी त्यांनी वर्ष घातलं नाही.

"व्हय म्हाराजा!" मी असा ओरडलो की धक्क्यावरचे पक्षी उडाले आणि यार्डाचा फोरमन हातातला चहा सांडत धावत आला. एवढं कुणावर ओरडतोयस, म्हणाला.

"ओरडत नाहीये," मी म्हटलं. "घरच्या अंगणात आहे."