मन घरी, सायकल गेटावर

"मन नाही आलं तं नाही आलं. सायकल तं आली न!" असं म्हणत काकू दारूगोळ्याच्या कारखान्याच्या स्टँडला सायकल लावायच्या. बसून नव्हे हं, रांझीतल्या घरापासून हातानं ढकलत आणलेली.

लढाईचे दिवस होते, बारा-बारा तासांची पाळी. नवरा वारल्यावर चाळिशी ओलांडलेल्या काकू त्याच्या जागी आमच्या पॅकिंग खात्यात लागल्या. तेराव्यालाच दिरानं भावाची सायकल मागितली होती. "वहिनी, तुम्हाले काय कामाची?"

"मी चालवीन न."

दीर हसला. "दसऱ्यापर्यंत चालवून दाखवा. नाही तं मी घेऊन जाईन."

तुम्ही म्हणाल, जिद्दीची बाई! होत्याच, पण पहिला आठवडाभर. काष्टा घट्ट मारून बसायच्या आणि पडायच्या. मग गुडघे फुटले, पानठेल्यावरचे लोक हसू लागले, आणि तुमची-माझी जाते तशीच काकूंचीही जिद्द गेली.

"हौस संपली वो माझी," त्या म्हणाल्या. मला हायसंच वाटलं. रोज कामावर सोबत जाता-येता त्यांना उचलून मी थकले होते.

"मग देऊन टाका दिराला."

"काहून? हौस संपली, सायकल थोडीच संपली?"

तेव्हापासून नेमच झाला. मन असेल त्या दिवशी बसायचं, नसेल त्या दिवशी ढकलायची, पण सायकलीशिवाय घर सोडायचं नाही. मला भारी राग यायचा. मी मोकळ्या हातानं चालायची आणि त्या मागे धापा टाकत यायच्या. पण ढकलता ढकलताच त्यांच्या हातांना सायकलचा तोल कळत होता. ते आम्हा दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

दसऱ्याला दीर गेटाशी येऊन उभा राहिला. काकू उतारावरून आल्या, चक्क सायकलवर! गेटाशी सगळ्यांनी उतरायचं, असा नियम. दरबान ओरडला, "अम्मा, उतरो!"

"उतरना अभी नहीं सीखे, भैया!"

आणि सायकल सरळ दिराच्या अंगावर. दोघंही मातीत. आधी काकू उठल्या. दिरानं पडल्या पडल्या हँडल धरलं होतं.

"पाह्यली न? आता सोडा."

त्यानं सोडलं.

काकू निवृत्त झाल्या त्या दिवशी आम्ही सगळ्याजणी गेटापर्यंत पोचवायला गेलो. मला रडू आवरेना. काकू हारासकट सायकलवर बसल्या आणि निघाल्या. मी हाका मारल्या. इतक्या वर्षांतही मागं वळून पाहायला त्यांना जमत नसे, तोल जायचा. त्यांनी नुसती घंटी वाजवली, आणि चढण आली तशा पायडलवर उभ्या राहिल्या.