विष्णूभाऊंची पाचर

विष्णूभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते डहाणू रोडच्या यार्डात एका हाताने अख्खी मालगाडी थोपवून दुसऱ्या हाताने चहा पीत होते. निदान मला तसंच दिसलं. प्रत्यक्षात ते उभ्या डब्याच्या चाकाखाली लाकडी पाचर सरकवत होते. पाचरीवाचून त्यांनी नोकरीभर एकही डबा उभा सोडला नाही.

२०१८ साली मुलगी मुक्ता जर्मनीत नोकरीला लागली. दर आठवड्याला ती डेन्मार्कला जायची आणि वाटेत तिची आगगाडी बोटीत चढून समुद्र ओलांडायची. हे कळल्यापासून विष्णूभाऊंना अन्न जाईना.

"अगं, बोट हलली की डबा घरंगळेल!"

"बाबा, ब्रेक असतात."

"असू देत. पाचर कुठेय?"

"माझ्या पाटाखाली लावा एक," त्यांच्या पत्नी मनोरमावहिनी म्हणाल्या.

शेवटी त्यांनी पाचरच पार्सलने धाडली. बोटीवरच्या माणसाने ती हसत हसत चाकाखाली सरकवली. मुक्ताने पाठवलेला फोटो विष्णूभाऊंनी मोठा करून तीनदा पाहिला. "बरोबर बसलीय," म्हणाले आणि दोन माणसांचं जेवले.

२०१९च्या डिसेंबरात त्या गाडीचं बोटीवर चढणं बंद झालं. मुक्ताने परत आणलेली पाचर आता विष्णूभाऊंच्या मोरीचं दार अडवते.