पन्नास वर्षांचा संसार आणि सात सकाळींच्या नळ्या

आधी हातातला चहा खाली ठेवा, मग सांगते. ठसका लागला तर मला बोलू नका, मी नर्सिंग शिकवत असले तरी.

माझ्या पीएच.डी.चा विषय होता, म्हातारपणी माणसं ठणठणीत कशी राहतात. त्यासाठी पलूसच्या म्हाताऱ्या जोडप्यांची लाळ तपासायची होती. ताणाचं हार्मोन असतं ना, ते लाळेत सापडतं. सात दिवस, सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरायच्या आधी नळीत थुंकायचं. एवढंच काम.

त्यातलं एक जोडपं म्हणजे रिटायर सुभेदार आप्पा आणि काकू. दोघांच्या नावाच्या नळ्या मी काकूंच्या हातात दिल्या. दुसऱ्या कुणाच्या देणार? आप्पा पेपर वाचत होते.

रिपोर्ट आला आणि मी खुर्चीतून उठलेच. दोघांचे आकडे रोज जुळत होते. मंगळवारी काकूंचा ताण वाढला, तर आप्पांचाही तेवढाच.

शहाण्या बाईनं पुन्हा तपासलं असतं. मी काय केलं? प्रबंधाचं नाव बदललं. सांगलीच्या सेमिनारला दोघांना शाल-नारळ द्यायला बोलावलं. तेही कधी, तर माझं काम पुढं न्यायचं की थांबवायचं हे समिती ठरवणार होती त्याच दिवशी.

"पन्नास वर्षांच्या संसारात शरीरंसुद्धा एक होतात," असं मी भरल्या गळ्यानं सांगितलं. टाळ्या पडल्या. आप्पांनी मिशीवरून हात फिरवला.

समितीच्या सरांनी सहज विचारलं, "सुभेदारसाहेब, मंगळवारी एवढा कसला ताण आला होता?"

आप्पा काकूंकडं वळले. "मंगळवारी काय झालतं गं?"

"म्हशीनं दावं तोडलं न्हवं का पहाटं. तुमाला कुठनं ठावं असंल? तुमी शिरवळला लेकीकडं गेला हुता."

सरांनी चष्मा काढला. "मग काकू, यांची नळी?"

"आवं सायेब, ह्यांनी कवा सोताचं काम सोता केलंय? बाईंनी नळ्या माझ्या हातात दिल्या, मी भरल्या. दोगांच्या बी. एक दिस चुकू दिला न्हाई."

जमीन दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. एवढी शिकलेली मी, आणि आपल्या घरांत कुणाचं काम कोण करतं हे मला ठाऊक नव्हतं होय?

सरांनी माझी फाईल चाळली. "मॅडम, ही पद्धत तुम्ही आधी घरी करून बघितली, असं लिहिलंय. तुमची आणि मिस्टरांची लाळ. निदान त्यांची नळी तरी त्यांनीच भरली ना?"

मी घसा खाकरला.

"सर, ते झोपले होते."