तीन बोटं खाली

यिफ्ताह कारसेंती बीरशेबाहून कोपनहेगनला आला, त्याला एकोणीस वर्षं झाली. पहिल्याच दिवशी त्याची फजिती झाली होती. पियानोवाल्या प्रेबेनच्या जॅझ बँडमध्ये गाण्याची पट्टी तोंडाने सांगत नाहीत, बोटांनी दाखवतात. जितकी बोटं खाली तितके कोमल स्वर, जितकी वर तितके तीव्र. यिफ्ताहच्या गुरूंची खूण नेमकी उलटी! अख्खं गाणं त्याने भलत्याच पट्टीत रेटलं.

"तुमच्या वाळवंटात बोटंही उलटी उगवतात का रे?" प्रेबेन म्हणाला. "उद्या ये. सुलटी घेऊन."

तेव्हापासून त्या बँडचा डबल बास, ते माणसाएवढं उंच, खर्जातलं तंतुवाद्य, यिफ्ताहकडेच. बाहेरून येणारे कलाकार आधी विचारतात, "बासवर तोच आहे ना?" बीरशेबाला मात्र त्याचे वडील अल्बेर दर शुक्रवारी फोनवर एकच विचारायचे, "अरे, त्या गोंगाटात तुझं कुणाला ऐकू तरी येतं का?"

आज रविवारी दुपारी ते स्वतःच तिसऱ्या रांगेत बसले होते, अंगातला कोटही न काढता. यिफ्ताहने जुळवलेल्या तारा पुन्हा एकदा जुळवून पाहिल्या.

लंडनहून आलेली सॅक्सोफोनवाली पाहुणी पुढे झाली. प्रेबेनने तीन बोटं खाली दाखवली. तिने मान डोलावली, फुंकर घातली, आणि पियानो एकीकडे, सॅक्सोफोन दुसरीकडे! पाहुणीचा चेहरा उतरला. यिफ्ताहने ओळखलं, हिचीही खूण उलटी.

बास ज्या पट्टीत जाईल, तीच खरी ठरणार होती. प्रेबेनला सोडून त्याने तिच्या पट्टीतला खालचा स्वर ठामपणे धरला. प्रेबेनने चमकून पाहिलं, दोन मात्रा हात उचलले आणि गुपचूप त्याच पट्टीत आला. टाळ्या पडल्या, त्या पाहुणीला.

कार्यक्रम संपल्यावर अल्बेर मंचाजवळ आले.

"मध्येच गाडी रस्ता सोडत होती ना?"

"आब्बा, तुम्हाला कळलं?"

"दिमोनाच्या रस्त्यावर एकतीस वर्षं बस हाकलीय मी. स्टिअरिंग कोणी धरलंय, ते पायांखालच्या फळ्यांतून कळतं."

मग त्यांनी आपली छाती थोपटली, यिफ्ताहकडे बोट केलं आणि प्रेबेनला हिब्रूतच ठणकावून सांगितलं. नंतर पाहुणीला. मग कॉफीचे कप उचलणाऱ्या बाईलाही.

"काय म्हणतायत?" प्रेबेनने विचारलं.

यिफ्ताहने बासवर खोळ चढवायला घेतली. "हा माझा मुलगा, म्हणतायत."