गोजरबाईचं दावं

गाय लाथ मारायला लागली की आमच्या कर्जतकडच्या वस्तीवर गोजरबाईला हाक जायची. कमरेला स्वतःचं दावं खोचून ती यायची, गायीचे मागचे पाय बांधायची आणि पाठ थोपटत धार काढायची. चाळीस वर्षं हेच.

यंदा लम्पी आला आणि मी, इथला गुरांचा डॉक्टर, पार वैतागलो. अंगावर गाठी आलेली पहिली गाय गोजरबाईचीच. ती बरी झाली, पण मग दर आठवड्याला नवा गोठा. आजारी जनावर लांब बांधा, माश्या मारा, सांगून सांगून घसा बसला. पालथ्या घड्यावर पाणी!

"येखादं जालीम इंजेक्शन द्या की, डॉक्टर," गोजरबाई म्हणाली.

"आजी, अँटिबायोटिकनं जिवाणू मरतात. हा विषाणू. आत जनुकांचा धागा, वर कवच, संपलं. खाणं नाही, श्वास नाही. बाहेर मेल्यासारखा पडून असतो. गायीच्या पेशीत शिरला की तिच्याकडूनच आपल्यासारखे हजारो बनवून घेतो."

"म्हंजी आमचा धाकला दीर. सोताचं काय न्हाई, समदं आमचंच वापरायचा."

मी हसलो. तेव्हा हसण्याऐवजी तिच्या कमरेकडे बघायला हवं होतं.

शेवटी निकिताची एकच गाय धडधाकट उरली. नवरा गेल्यापासून निकिताचं घर त्याच दुधावर. लस एकदाची आली म्हणून टोचायला गेलो, तर गोजरबाई दावं घेऊन गायीच्या पायांशी वाकत होती. दाव्याच्या पिळात वाळलेल्या खपल्या अडकलेल्या.

"थांबा! हात लावू नका!" मी ओरडलोच.

"पर भाईर त्यो मेल्यावानी असतो म्हनलात न्हवं?"

"मेल्यासारखा, मेलेला नाही! खपलीत महिनाभर टिकतो!"

हे मी आधी सांगितलंच नव्हतं. राग माझाच मला आला होता, निघाला तिच्यावर. घरी जाऊन तिनं दावं चुलीत घातलं.

दुसऱ्या दिवशी गायीनं निकिताची बादली उडवली. गोजरबाई कुंपणाबाहेरूनच "सोड बाय, सोड" म्हणत राहिली. गायीनं कान टवकारले आणि पान्हा सोडला.

दीड महिना झाला, गायीला एकही गाठ नाही. काल मी म्हणालो, "आजी, आता जा आत."

"नगं," ती म्हणाली. "चार गोठ्यांत मीच नेला न्हवं का त्यो?"