मागे सीट नसलेली गाडी

“हिला पळायचं नाहीये रे, उभं राहायचंय,” मेकॅनिक भाऊ त्यांच्या मित्राला हळू आवाजात सांगत होते. मी त्यांच्याकडे पाठ करून एका जुन्या गाडीची चेन बघत होते. मित्र म्हणाला, “उभंच राहायचं तर गाडी कशाला? आमच्या अंगणात भरपूर जागा आहे.” दोघं हसले. मलाही हसू आलं होतं, पण ऐकलं हे दाखवायचं नव्हतं.

भाऊंचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मोटरसायकलच्या ट्रायल्समध्ये शर्यत नसते. दगड, चढ, आडवे ओंडके, यांच्यावरून चालण्याच्या वेगानं गाडी न्यायची आणि पाय जमिनीला टेकू द्यायचा नाही. जळगावच्या बाहेर, गिरणेच्या कोरड्या पात्रात चार-पाच जण रविवारी सकाळी हे करतात. मी दोन महिने काठावरून नुसती बघत होते. मग एकदा त्यांना विचारलं, पहिली गाडी कोणती घ्यावी. खास ट्रायल्सच्या गाड्या परदेशातून येतात, त्यांची किंमत ऐकल्यावर तो विषय मी पुन्हा काढला नाही. शिकायला शंभर सीसीची हलकी, जुनी गाडी पुरते, असं त्यांचं मत पडलं. चेसिस सरळ हवी, क्लच मऊ हवा. चेनचं मागचं दातेरी चक्र मोठं बसवायचं, टायरमध्ये हवा कमी ठेवायची. आणि सीट काढून टाकायची, कारण चालवणारा पूर्ण वेळ उभाच असतो.

सीट काढायची हे ऐकलं आणि माझं ठरलं. जिच्यावर मागे कोणी बसू शकत नाही अशी गाडी मला हवी होती. का, ते कोणाला सांगितलं नाही.

चोपड्याला एक गाडी बघितली. केळीचे घड वाहून तिची चेसिस दोन ठिकाणी वेल्डिंग केलेली होती. धरणगावची बरी होती. भाऊ सोबत आले होते, म्हणाले, एक चक्कर मारून बघा. मी बसले, क्लच सोडला, वीस-पंचवीस पावलं गेले असेन.

“ताई, पुढे सरका,” भाऊ मागून म्हणाले. “पुढे अजून कोणाला बसवायचंय?”

मी खाली पाहिलं. टाकी आणि मी, यांच्यामध्ये एका माणसाची जागा रिकामी होती. हात पूर्ण ताणून मी हँडल धरलं होतं. पुढे सरकले. परत वळून येईपर्यंत पुन्हा मागे गेले होते, केव्हा ते कळलं नाही. ती गाडी मी नको म्हणाले. क्लच कडक आहे असं कारण दिलं.

पुढची जागा दादाची होती. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. मी इंग्रजी शाळेतली, त्यामुळे सुट्टीत धुळ्याला गेले की माझ्या मराठीची नक्कल करणं हा त्याचा आवडता उद्योग होता. मी कमी बोलायला तिथेच शिकले. चार वर्षांपूर्वी तो मला गाडीवरून धुळ्याहून पारोळ्याला सोडायला निघाला. दुपार होती, रस्ता मोकळा. वेगाचा काटा कुठे गेलाय ते मला त्याच्या खांद्यावरून दिसत होतं. त्यानं मान वळवून विचारलं, “भीती वाटते का गं, कॉन्व्हेंट?” मी नाही म्हणाले. पुढच्या वळणावर खडी पडलेली होती.

माझा कोपर मोडला. दादा गेला.

विचारायला आलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगितलं, आठवत नाही. पोलिसांना, आईला, मामाला. मामानं आदल्या संध्याकाळी स्वतः पुढच्या ब्रेकचे लायनर बदलले होते. आपल्याच हातून काहीतरी राहिलं, असं त्यानं मनाशी धरलं. पोलिसांकडून आलेले कागदही त्यानं कधी उघडले नाहीत. घरात सगळ्यांना हे माहीत होतं आणि कोणी त्याच्यापुढे बोलत नव्हतं. मी तर अजिबातच नाही. दिवाळीला त्याच्या पाया पडायचे आणि नजर चुकवून स्वयंपाकघरात जायचे.

मी गाडी शोधतेय हे आईनं त्याला फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन.

“तुना दादानी गाडी शे ना आठे,” तो त्याच्या अहिराणीत म्हणाला. “भलतीकडे काब्र हिंडस? लई जाय.”

दादाचीच गाडी घेऊन जा म्हणत होता, त्याला नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही.

धुळ्याच्या घरी गाडी मागच्या पत्र्याखाली होती. मामानं ताडपत्री काढली आणि तो लगेच ओट्यावर जाऊन उभा राहिला. हँडल डावीकडे वाकलेलं, टाकीला पोचा. सीटवर धूळ नव्हती. ती कोण पुसतं हे मी विचारलं नाही.

भाऊंनी शिकवलं होतं तसं एकेक बघत गेले. चेसिस सरळ. क्लच, इतकी वर्षं पडून असूनही, मऊ. आतापर्यंत पाहिलेल्यांत हीच सगळ्यांत चांगली होती, आणि ते मला आवडलं नाही. शेवटी पुढचा ब्रेक. लिव्हर दाबली तर परत येईना. केबलला तेल सोडलं, पाच-सहा वेळा दाबली, मग सुटली. गाडी ढकलत नेऊन ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं, पुढचे शॉकअप खाली दबले आणि वर आले. पुन्हा ढकललं. पुन्हा तसंच.

मान वर केली तर मामा माझ्या हाताकडे बघत होता.

“लागस का?” त्यानं विचारलं.

“लागतो.”

“आते लागस,” तो म्हणाला. “त्या दिवशी नही लागना.”

मामी चहाचे कप घेऊन दारापर्यंत आली होती, ती तिथेच थांबली. मामा ताडपत्रीची घडी घालू लागला. घडी नीट बसेना, त्यानं ती उलगडून पुन्हा घातली. मी लिव्हर अजून दाबूनच धरली होती, बोटं दुखायला लागली होती. होकार देऊन, गाडी टेम्पोत चढवून मी निघून जाऊ शकत होते. तो गेटपर्यंत आला असता, हळू चालव म्हणाला असता.

मराठीत मोठं काही बोलायचं तर मी आधी मनात वाक्य जुळवते. हे चार वर्षं जुळवलेलं होतं, तरी बाहेर पडलं ते तुकड्या-तुकड्यांनीच.

“त्या दिवशीही लागला होता, मामा. दादा फार जोरात होता. मला काटा दिसत होता. त्यानं विचारलं, भीती वाटते का. मी नाही म्हणाले.”