तिकडचं पाणी

शेवटचे दिवस ताई मुर्री गावातल्या आमच्या घरी, ओसरीवरल्या खाटेवर होती. डोळे मिटलेले असायचे आणि मधूनच विचारायची, “तिकडचं पाणी थंडावलं काय रे?” तिकडचं म्हणजे ती प्रवाळावर संशोधन करायची त्या रामेश्वरकडच्या समुद्राचं. हे ठाऊक असूनही आई माठातलं पाणी आणून द्यायची आणि ताई ते निमूट प्यायची... वाफ्यातले परे, म्हणजे धानाची रोपं, अजून बोटभरच होते, तेव्हा ती गेली.

समुद्र आमच्या घरात आला तो ताईच्या तोंडून. प्रवाळ म्हणजे आम्हाला अंगठीतलं पोवळं. ती सांगायची, प्रवाळ म्हणजे इवल्या जिवांची वस्ती असते. त्यांच्या अंगावर जिवाणू राहतात आणि त्यातले काही राखणदार असतात, रोगाला दाराशीच अडवतात. पाणी तापलं की प्रवाळ पांढरंफटक पडतं, राखणदारही पांगतात. ताई धडधाकट प्रवाळावरचे जिवाणू वाढवून आजारी तुकड्यांवर सोडायची.

बाबांना हे पटेना. “जंतू मारायचे सोडून पोसून कायले राहिली व?”

“अन् तुमी रोवणीत पऱ्याच्या मुळ्या जिवाणूच्या पाण्यात कायले बुडवता?”

बाबा तंबाखू मळत राहिले. पण त्या सालापासून जिवाणूंचं घमेलं ताईचं झालं. दर रोवणीला ती सुट्टी काढून यायची, बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर बसून पऱ्यांची एकेक पेंडी बुडवायची. हात पाण्यात गेले की तिचे डोळे अर्धे मिटायचे. समुद्राखाली असाच हिरवट उजेड असतो म्हणायची, आणि आवाज फक्त आपल्या श्वासाचा... ऐकता ऐकता मलाही चिखलात उभ्या उभ्या तरंगल्यासारखं व्हायचं.

यंदा उन्हाळ्यात समुद्र तापला, तिने जपलेले तुकडे पांढरे पडले आणि ती दुखणं घेऊन इथे खाटेवर. मला त्या प्रवाळाचा रागच यायचा. स्वतःचा जीव जाऊन राहिला आणि हिला काळजी दगडासारख्या दिसणाऱ्या जिवांची!

परवा रोवणी चालू असताना तिच्यासोबत काम करणाऱ्या बाईंचा फोन आला. तिकडचं पाणी निवलं होतं. ताईच्या हातच्या काही तुकड्यांवर रंग परतला होता, सगळ्यांवर नाही. “बरं झालं,” म्हणून मी फोन ठेवला.

धुऱ्यावर बाबा पेंडी धरून बसले होते. सकाळपासून घमेल्याला कोणी हात लावला नव्हता. मी शेजारी बसलो, पेंडी घेतली, मुळ्या पाण्यात सोडल्या.

“थंडावलं व ताई,” मी म्हणालो.

बाबांनी पुढची पेंडी माझ्या हातात दिली.